सातवं कलम

हॉजबाईंच्या स्वयंपाकघरात
टेबलावर माझा कागद, त्यांचा चष्मा,
आणि काचेला नाक लावून टोलिडोचा फेब्रुवारी.

बासष्ट हजार डॉलर.
एकतीस वर्षं टपाल वाटून साठलेले.
मी आजवर भिंती लिंपल्या त्या दुसऱ्यांच्या.
हे पहिलं घर: घ्यायचं, दुरुस्त करायचं, विकायचं.

‘नफा निम्मा-निम्मा,’ मी म्हणालो.
‘नफ्याचं मागाहून बघू. तोटा कसा वाटायचा?’
याचं उत्तर मी पाठ करून आलो नव्हतो.

मग एकेक ओळ सरकत गेली.
गहाणखत त्यांच्या नावे, पहिल्या हक्काचं.
विम्यावर त्यांचंही नाव.
छपराचे पैसे छप्पर झाल्यावर,
त्या शिडीखाली उभ्या राहून बघतील तेव्हा.
सहा महिन्यांत विकलं नाही तर
दर महिन्याला माझ्या वाट्यातला एक घास त्यांच्या ताटात.

माझ्या मजुरीपुढे मी शून्य लिहिलं होतं,
जरा ऐटीतच.
त्यांनी ते खोडलं.
‘फुकट राबणारा माणूस तिसऱ्या महिन्यात चिडतो, एमरी,
आणि चिडलेला माणूस फरशी वाकडी बसवतो.’

शेवटी त्यांनी पत्ता वाचला.
बराच वेळ वाचला.

‘दार हिरवं ना?
कुत्रा एकच होता, भुंकायचा तिघांएवढा.
व्रोनाबाई पायरीवर बसून हातातच घ्यायच्या टपाल.
शेवटचं वर्ष नुसती बँकेची पाकिटं,
लाल शिक्क्याची.
आतून कोणी उचलत नव्हतं. कळत होतं मला.
तरी टाकत राहिले. कामच होतं ते.’

मी काही बोललो नाही.
पहिल्यांदा दार ढकललं तेव्हा
ते अडलं होतं त्याच ढिगाला.
मी तो बुटाने बाजूला सारला
आणि अंदाजपत्रकात लिहिलं:
कचरा, एक गाडी, साडेचारशे.

तो आकडा आता समोरच होता,
पान दोन, वरून चौथा.
त्यांचं बोट त्यावर आलं, थांबलं,
पुढे गेलं.

खाली, छापील सहा कलमांनंतर,
त्यांनी हाताने लिहिलं:
सात. दाराची पितळी फट काढायची नाही.

मी नवं दार धरलं होतं, नऊशे डॉलरचं.
म्हणजे जुनंच घासायचं आता, चार थर रंगाचे.
‘चालेल,’ मी म्हणालो.

त्यांनी पेन पुढे केलं,
पोस्टाच्या खिडकीवरचं,
टोकाला तुटक्या साखळीचे तीन मणी.