शेरा

पेठ रस्ता, करंजाळीच्या अलीकडे,
दोनशे चौदावा आंबा.
घेर तीन मीटर दहा.
लाल रंगाच्या डब्यात ब्रश बुडवला
आणि सहज मान वर गेली म्हणून दिसली:
बेचक्यातून खाली सुटलेली, वीतभर,
पांढऱ्यावर जांभळे शिंतोडे,
कुणी न्हाऊन केस वाळवत बसावं तशी,
मे महिन्यात, ऐन अकरा वाजता.

"बांडगूळ," मी पोराला म्हणालो, "सोडून दे."
"बांडगुळं तुमच्या हापिसात."
मागे हौशीबाई गावित,
डोक्यावर करवंदांची पाटी.
"ही झाडाचं काही खात न्हाई.
नुसती टेकते."

सीतेची वेणी.
हौशीबाईच्या लग्नात मांडवाला हीच, डोक्यात हीच;
नाशकातल्या फुलवाल्याला द्यायला होतं काय?
कान ठणकला की पान शेकून दोन थेंब रस.
"बरा होतो?"
"ठणका थांबतो. बरं व्हायचं ते आपलं आपण."

मी पंचवटीतला. मला ठाऊक होतं ते सांगितलं:
त्यानं ओढून नेली तेव्हा
फांदीला अडकून राहिली ही.
बाई हसली. बोटांना करवंदाचा चीक.
"तुमच्याकडं अडकते व्हय?
आमच्याकडं तिनं काढून ठेवली.
उकडत होतं. नदीवर जायचं होतं.
आल्यावर माळीन म्हणाली."

तक्त्यात रकाने सहा:
क्रमांक, जात, घेर, उंची, मालकी, शेरा.
हिला मुळं आहेत, पण हवेत.
सातबारा नाही.
भरपाई काढायची कुणाच्या नावे?

विळा तिचाच होता. पोरगं चढलं.
सालीसकट सोडवली,
विहिरीकडच्या जांभळाला
लुगड्याच्या पट्टीनं बांधली,
हाड मोडलेल्या वासराचा पाय बांधावा तशी.
"दोन वरसं रुसंल. मंग बघू."

एक घोस तुटला, तो मला दिला.
मोटरसायकलच्या हँडलला अडकवून
रामकुंडापर्यंत आलो तर निम्मी फुलं
वाटेत कुठे कुठे सांडलेली.
बायकोनं उरलेली माळली,
आरशात बघत विचारलं, "केवढ्याला?"

रात्री तक्ता पुरा केला.
दोनशे चौदा. आंबा. तीन मीटर दहा.
शेऱ्यात लिहिलं:
वेणी काढून ठेवली आहे.

सोमवारी कागद परत आला.
साहेबांनी खाली पेन्सिलीनं विचारलंय:
कोणाची?