पालच्या घाटातला उतार

सावद्याहून निघालो तेव्हा केळीच्या बागांवर धुकं होतं,
ठिबकच्या नळ्या अंधारातच थेंब मोजत होत्या.
टपालखात्यातून निवृत्त होऊन तीन महिने झालेले,
फंडाच्या पैशातली सायकल. एकवीस गिअर,
त्यातले अठरा अजून अनोळखी.

हँडलला बांधलेला नकाशा रद्दीतला,
धरणाच्या आधीचा.
त्यात पालच्या पुढे एक रेघ सरळ जाते,
नदी ओलांडून, तीन पाड्यांना हात लावून.
अडतीस वर्षं मी त्या पाड्यांची पत्रं वेगळी काढली,
नावं तोंडपाठ.
पाडे पाहिले नव्हते.

खिरोद्याच्या पुढे सातपुडा एकदम अंगावर येत नाही.
आधी रस्ता नुसता जड होतो,
कुणीतरी मागे कॅरिअरवर येऊन बसावं
आणि काही बोलू नये, तसा.
मग वळण. अंजन. पुन्हा वळण. अंजन, सालई,
धावड्याची पांढरी खोडं.
पुढच्या वळणावर माझाच श्वास
दुसऱ्या कुणाचा तरी वाटला,
म्हणून उतरून त्याला पुढे जाऊ दिलं.

नाक्यावर वनरक्षक रुबाब तडवी.
नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहत राहिला.
मग त्या रेघेवरून नख फिरवलं:
"रस्ता आहे. पण पाण्याखाली आहे."
"मग?"
"मग काय, मे महिन्यात या. अर्धा वर येतो."
अंतर विचारलं तर म्हणाला, दोन बिड्या.
तुमच्या चालीने तीन.

खरंच होता.
डांबर सरळ चालत पाण्यात शिरलेलं,
न थबकता, चपला न काढता.
कडेचा मैलाचा दगड गळ्यापर्यंत बुडालेला,
टोपी तेवढी वर, गावाचं नाव खाली.
टोपीवर एक पाणकावळा पंख उघडून
स्वतःला वाळत घालून बसलेला.
समोरचा डोंगर पाण्यात उलटा, त्याचा साग उलटा,
आणि उलट्या सागातून एक मासा वर आला,
गोल काढून गेला.
मी पुढचं चाक वीतभर तळ्यात घातलं.
का, ते विचारू नका.

परतताना घाटमाथ्यावर खेमी बारेला.
नववीत. शाळेतून मिळालेली काळी सायकल,
कॅरिअरला तेलाचा डबा, आणि मागे
पळसाची फांदी दोरीने बांधणं चाललेलं.
"ब्रेक," ती म्हणाली. "खरे केव्हाच गेले."
मग माझ्या मागच्या चाकाशी वाकली,
तार दोन बोटांत धरून बघितली:
"ही पण खालपर्यंत टिकणार नाही."
मी खात्यातल्या आवाजात म्हणालो, नवीन आहे, डिस्क आहे.
तिने वाद घातला नाही.
एक पडलेली फांदी ओढत आणली
(तोडायची नाही, रुबाबमामा ओरडतो)
आणि माझी सायकल बांधून टाकली,
बैल बांधावा तशी.

गाठ मारताना तिने पाड्याचं नाव सांगितलं.
नकाशातला मधला.
"तिथं आजाचं घर होतं. आता मासे राहतात."
"पत्रं येतात का?" मी विचारलं.
"कोणाची?" ती म्हणाली.

नंतर आम्ही बोललो नाही.
ती पुढे, मी मागे, दोन फांद्या डांबरावरून
खरखरत, खडे उडवत, सागाची वाळकी पानं गोळा करत.
चौथ्या वळणाला माझी तार तुटली.
फार मोठा आवाज झाला नाही.
फांदीने धरून ठेवलं.

खिरोद्यात ती डावीकडे वळली, हात न हलवता.
मी दोरी सोडायची विसरलो.
पाराजवळच्या हॉटेलवाल्याने कढई तशीच सोडली,
झारा हातात घेऊन रस्त्यावर आला:
"झाड घिसन कुठी चालला रे भो?"