एक सुलटा, एक उलटा

मॅनिटोबात जानेवारीला
गाडीलाही रात्रभर वीज पाजावी लागते,
नाहीतर सकाळी इंजिन दगड.
म्हणून घरटी एक केशरी वायर, शंभर फुटी,
आणि घरटी तिचा एक गुंता.

ओरेस्ट ह्नातिउककडे मात्र गुंता नव्हता.
आइस-रिंकचा रखवालदार, डाव्या हाताला साडेतीन बोटं.
पहिल्या दिवशी मी वायर गुंडाळायला घेतली
अंगठा ते कोपर, अंगठा ते कोपर, भराभर,
तर त्यानं माझं कोपरच धरलं :
"हे टेबलावर टेकायला दिलंय.
एकाच अंगानं फिरवलंस ना,
की ती वेढ्यागणिक एक पीळ पोटात ठेवते
आणि नेमकी घाईत ओकते."

आधी तिला आत आणायची, उबेला.
गारठलेल्या वायरीशी बोलू नये, म्हणायचा,
ती तडकते.
मग एक वेढा सुलटा,
पुढचा मनगट आत वळवून उलटा.
पहिल्यानं घातलेला पीळ दुसऱ्यानं काढायचा,
विणकामच, फक्त सुया नाहीत.
तो इंग्रजीत ओरडायचा,
वेढे मात्र युक्रेनियनमध्ये मोजायचा.

नोव्हेंबरात तो गेला.
सामानाच्या खोलीत खिळ्याला
त्याचं शेवटचं वेटोळं,
उशीच्या अभ्र्याची पट्टी, वर सुरगाठ.
दोन महिने मी दुसऱ्याच वायरी वापरल्या.
कुणी विचारलं तर म्हणायचो, ती खराब आहे.

मग उणे सदतिसाच्या रात्री पराशाबाईंचा फोन.
सकाळी सातला डायलिसिस, गाडी अंगणात,
त्यांची वायर कुत्र्यानं कुरतडलेली.

काढली.
पट्टी सोडली, एक टोक धरलं, बाकी भिरकावली
त्याच्यासारखी, बर्फावरून सरळ जाईल म्हणून.

गेली नाही.
माझ्याच हातून टोक वेटोळ्याच्या पोटातून गेलं होतं,
आणि वायरभर गाठी,
दर सहा फुटांवर एक, सोळा,
शाळेच्या पट्टीनं आखल्यासारख्या.

मी त्याला शिव्या दिल्या. मोठ्यानं.
पराशाबाई खिडकीतून बघत होत्या.

हातमोजे काढून पहिल्या गाठीला भिडलो
तर ती सैल. सुटली.
दुसरीही.
प्रत्येक गाठीत एक सुलटा नि एक उलटा वेढा,
प्रत्येक जागी एकदा
त्याचं मनगट आत वळलेलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे सुंभ राख होऊन गेला,
आणि शंभर फुटांत
मला पीळ सापडला नाही एकही.

नववीपाशी बोटं कळेनाशी झाली.
बाई कॉफी घेऊन आल्या, म्हणाल्या,
आत आण ना तिला आधी.

आणली.
स्वयंपाकघरात, हीटरपाशी
उरलेल्या सात आम्ही दोघांनी सोडवल्या.
त्या मोजत होत्या. मला कळत नव्हतं,
पण आकडे ऐकलेले होते.