दोन नंबर

रुवीच्या हायस्ट्रीटवर, शिंप्याच्या दुकानावरच्या मजल्यावर
एकोणीस वर्षं मी तिकिटं विकते.
टेबलाच्या काचेखाली दोन नंबर:
मरजान एअरचा लाल शाईत,
हुदहुदचा निळ्या.

त्या दोन नंबरांवर माझं पोट.
मरजानला सांगायचं, हुदहुद अठ्ठेचाळीसला देतोय.
हुदहुदला सांगायचं, मरजान चाळीस किलो नेतोय.
खोटं? अर्धंच.
पण त्या अर्ध्या खोट्यावर
तीन रियाल सुटायचे, कधी पाच,
आणि सिस्टर फ्लोरी डाबरेच्या बॅगेत
वसईसाठी खजुराचे आणखी दोन डबे मावायचे.

मग एका रविवारी मेल आली.
विलीन.
हा शब्द मी आजवर
बँकांच्या पाट्यांवर वाचला होता
आणि निधनवार्तांमध्ये, अनंतात.

मेलमध्ये लिहिलं होतं, प्रवाशांना अधिक पर्याय.
मी वेळापत्रक उघडून बोटांवर मोजले.
गोव्याची गुरुवारची गेली.
मुंबईच्या सकाळच्या दोन,
वीस मिनिटांच्या अंतराने
एकमेकींच्या पुढे नाक काढणाऱ्या,
त्यातली एक उरली, दहाची.
रात्री दोनची गेली.
चाळीस किलोंचे तीस झाले.
खिडकीला पैसे, पाण्याला पैसे.
भाडं वाढवलं असं मात्र
कुणाला म्हणता येणार नाही;
ते फक्त उतरायचं थांबलं.

सीबच्या रस्त्यावरून टॅक्सीतून दिसलं:
शिडीवर चढून दोन माणसं
विमानाच्या शेपटीवरचा हुदहुदचा तुरा
खरवडत होती.
एवढ्या उन्हात.

मी सवयीची.
दुसऱ्याच दिवशी निळा नंबर फिरवला,
म्हटलं, मरजान बावन्न सांगतंय, तुम्ही बघा काहीतरी.
पलीकडे बिजू हसला.
शालनचेची, सकाळी मरजानमधून
मीच नाही का बोललो?
मी विचारलं, आणि हमूद?
तो म्हणाला, हमूद आता घरी असतो.

बुधवारी रात्री शटर अर्धं खाली असताना
वाकून आत आला अब्दुलगनी मुकादम.
अंगावर कंपनीचा निळा डगला, हातांना एसीचं तेल.
बाबा गेले, म्हणाला. दाभोळला.
असरच्या नमाजपर्यंत थांबतायत.
शालनताय, कुठलंही बघ. कितीही.

कितीहीची मला कधी भीती नव्हती.
कुठलंहीला उत्तर नव्हतं.

तरी शोधलं.
पहाटे तीनचं, दाभोळला डावीकडे टाकून
खाली कोचीला,
मग परत वर मुंबईला,
मग गाडीने परत खाली.
तोवर इशाही होऊन जाते.

तो स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघत होता.
दोनचं होतं ना गं एक?
तुऱ्यावालं?
माझ्या निकाहला त्यातनंच गेलेलो.

होतं, मी म्हटलं.

त्याने भावाला फोन लावला, स्पीकरवर.
तिकडे बायकांचा आवाज, एक कोंबडा अवेळी,
मग भाऊ म्हणाला, नको थांबवूया, गनी.
बाबांना उकाडा सोसत नव्हता.

गनीने हात पुसले, डगल्यालाच.
तिकीट काही निघालं नाही.
शटरखालून वाकताना थांबला:
मग चाळिसाव्याला जाईन.
तेव्हा कमी असेल काय?

सकाळी मी लाल नंबर फिरवला,
चाळिसाव्याची तारीख दिली, दर विचारला.
ठेवला.
मग का कोण जाणे,
निळाही फिरवला.
बिजूने तोच आकडा सांगितला.
हसला नाही या वेळी.
दुसऱ्यांदा सांगताना
जरा हळू बोलला.