डागी

तुर्भ्याच्या शोरूममध्ये एसी इतका
की पेटीतला हापूस महिनाभर पिकायचा नाही.
ऋत्विज नावाचा पोरगा, गळ्यात टाय,
टॅबलेटवर मला येणारी गाडी दाखवतो :
पुढच्या दिवाळीला, साहेब. तीस घोडे जास्त,
शून्य ते शंभर चार सेकंदांच्या आत,
आणि क्लच नाही. तुम्ही फक्त बसायचं.

फक्त बसायचं तर गाळ्यावर बसतोच आहे
एकोणतीस वर्षं.

आत्ताची समोर उभी.
दोन दारं, बूड जमिनीला टेकलेलं,
सहा गिअर, हातानं टाकायचे.
मागंही बसता येतं म्हणतात.
तिथं दोन डझनांची पेटी मावेल. माणूस नाही.

थांबा, म्हणतो जावई. तो आयटीत.
थांबू नका, म्हणतो शेजारच्या गाळ्यावरचा गफूरशेठ,
शेवटच्या तोड्याला गोडी असते.
कुमुद काहीच म्हणत नाही,
माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघते.

सानपाड्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून
सांगितलंय : दीड वर्ष, फार तर दोन. मग वाटी बदलू.
म्हणजे नवी येईल तेव्हा
तिच्यात क्लच नसेल
आणि माझ्यात तो दाबणारा पाय.
छान जमेल आमचं दोघांचं.
तेच खटकतं.

टेस्ट ड्राइव्ह. मोराज सर्कलपासून पाम बीच.
ऋत्विज शेजारी, पट्टा छातीशी धरून.
साठची मर्यादा, खांबाखांबावर कॅमेरा,
गाडी दुसऱ्यातच गुरगुरते,
वाघाला कुणी केळं खायला दिल्यासारखी.
सारसोळे गेलं. उजवीकडे खाडीत फ्लेमिंगो
एका पायावर, निवांत.
त्यांचं गुडघ्याचं काही नसावं.

तिसरा टाकला तेव्हा जो टक् आवाज झाला
तो ओळखीचा होता :
लाकडी पेटीचं झाकण,
हातोडीचा शेवटचा ठोका.
चौथ्याची वेळच आली नाही.
किल्ल्याच्या सिग्नलला गुडघा असा ठणकला
की डोळ्यांत पाणी.
ऋत्विजला वाटलं, साहेबांना गाडी आवडली.

आढीत फळ घातलं की माणूस रोज दाबून बघतो.
आज नाही, उद्या. उद्या नाही, परवा.
वडील म्हणायचे, आंब्याला दुपार एकच असते,
सकाळी आंबट, संध्याकाळी उतरलेला,
आणि त्या दुपारी नेमके आपण
कुणाच्या तरी साखरपुड्याला पुण्यात.

बरं, आत्ताचीच बुक कर, मी म्हणालो.
पोरगं टॅबलेटवर बोट फिरवत राहिलं.
डिलिव्हरी जुलै, साहेब.

म्हणजे आत्ताचीसुद्धा आत्ता नाही.
जुलैत तुर्भे नाक्यावर हिला वल्ही लावावी लागतील.

आणि ही? ही उभी आहे ती?
ही डिस्प्लेची, साहेब. हिला डाग आहे.
दाराखाली, बोटभर. कुणाच्या तरी पोरानं
खेळण्यातली गाडी घासली तिथं.

डागी!
आत्ता कुठे पोरगं आमच्या भाषेत बोललं.
चांगलं फळ दुबईला जायचं,
डागी आम्ही घरी खायचो,
कोपरापर्यंत रस, कधी कुणी तक्रार केली नाही.

खिशातला रुमाल काढला,
त्याच्या हातावर टाकला, खाली बोटं धरली.
हे काय, साहेब?
भाव, म्हटलं. आमच्यात असा करतात.
किंवा करायचे.
चार बोटं दाबली. चार लाख कमी.
तो हसला, लाजला, काचेपलीकडच्या मॅनेजरकडे बघितलं,
हात काढून घ्यावा की नाही कळेना त्याला.
रुमालाखाली त्याचं एक बोट
उगाच हललं.

एक तर एक, मी म्हटलं.
चावी कुठाय?