तिसऱ्या पानावर

माझ्यामागे पुस्तकांचं कपाट दिसतं, ते चित्र आहे.
खरं तर तिथे कपडे वाळतात, आणि त्यामागे
फोंड्याचा वरचा बाजार, सोड्याच्या बाटल्यांचा आवाज.
चाळीस मिनिटं मूल. दहा मिनिटं अहवाल.
मग पुढचं मूल.

वेर्ण्याला औषधाच्या कारखान्यात अकरा वर्षं
मी गोळ्यांच्या ढिगातली एक गोळी फोडून बघायचे
आणि उरलेल्या लाखभर गोळ्यांवर सही करायचे.
ते काम सुटलं.
हात तसाच राहिला.

वितेश गावस. वय एकोणीस.
आयटीआय एका वर्षात सोडलेलं.
त्याच्या मागे काहीच लावलेलं नव्हतं :
हिरवी ताडपत्री, एक चाक.
मी विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस?
तो थोडा बाजूला सरकला,
जणू प्रश्नाला पुढे जायला वाट हवी होती.
"इथंच, बहुतेक."
मी लिहिलं : ध्येयात स्पष्टता नाही.

मग तो कसल्याशा ट्रकबद्दल सांगत होता.
आवाज तुटत होता,
म्हणजे मी तुटू दिला.
मी लिहिलं : छंद – वाहने.

तीन दिवसांनी त्याचा निरोप :
"मॅडम, तिसऱ्या पानावर 'प्रिय रेवती' असं आहे.
मी सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय.
पण रेवतीला ते पोचलं का?
ती वाट बघत असेल."

चारदा वाचलं. चेष्टा नव्हती.
असती, तर मला झोप लागली असती.

यादी उघडली. रेवती दोन निघाल्या,
एक वास्कोची, एक काणकोणची.
दोघींना हेच तिसरं पान गेलेलं,
आणि काणकोणच्या रेवतीच्या पानावर
नाव होतं हर्षल.

वितेशने मला पाच तारे दिले होते.
फोन लावला. का दिलेस रे?
"कमी दिले तर तुमचे पैसे कापत असतील ना.
जेवण पोचवणाऱ्या पोरांचे कापतात."

राहतोस कुठे?
"उसगाव."

उसगाव.
खांडेपारचा पूल ओलांडला की आलंच.
आमचं बोलणं मात्र कुठल्या कुठल्या शहरांच्या तारांतून
फिरून, मोजलं जाऊन,
पैशांसाठी मध्येच थांबून आलं होतं.
रविवारी कदंबाच्या बसला वीस मिनिटं लागली,
तीही वाटेत म्हशी आडव्या आल्या म्हणून.

खाणी थांबल्या तेव्हापासून त्याच्या बापाचा टिप्पर
ताडपत्रीखाली उभा आहे.
हौद्यात उरलेल्या लाल मातीत अळू उगवलंय,
आई चढून भाजीपुरतं कापून आणते.
दर रविवारी वितेश इंजिन सुरू करतो,
दहा मिनिटं,
बॅटरी मरू नये म्हणून.
त्या दिवशी तो हेच सांगत होता.

माझ्या पिशवीत नवा अहवाल होता. त्यात एकच ओळ :
मला माहीत नाही.
ती द्यावी की नाही हे ठरलं नव्हतं.
त्याच्या आईने कोकम दिलं, ते प्याले.

इंजिन धडधडलं. कोंबड्या पळाल्या.
तो वाकून ओरडला,
"पाचव्या सिलिंडरात काहीतरी होतंय, आयकूंक येता?"

मी मान डोलावली.
चारशे मुलांपुढे मी अशीच डोलावत आलेय.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.
"येत नसेल तर नाही म्हणा ना, मॅडम."

मग हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला,
टोक इंजिनवर टेकवलं,
मूठ माझ्या कानाशी आणली.
"आधी चष्मा काढा," म्हणाला.
"आणि घाई नको."