दोसिंदाबाईंचं बेट

गॅलिसियातल्या आमच्या विलारमोर गावात
एकोणतीस वर्षं रस्त्यावरचे पट्टे मी रंगवले.
झेब्रा, बाण, थांबायची रेघ, दवाखान्यापुढची पिवळी चौकट.
गुडघे टेकून करायचं काम,
पण पाद्रीबुवा म्हणतात, त्याचं पुण्य धरत नाहीत.

चौकातला हिरवा माणूस चौदा सेकंद चालायचा.
दोसिंदाबाईंना लागायची सव्वीस.
म्हणून त्या रस्ता हप्त्याने ओलांडायच्या.
आधी अर्धा, मग मधलं बेट,
जेवणाच्या टेबलाएवढं, ग्रॅनाइटचं.
तिथे पावाची पिशवी दोन पायांत धरून उभं राहायचं.
एका अंगाने मासळीच्या व्हॅन, दुसऱ्या अंगाने
बंदराकडे निघालेले ट्रक,
ज्यांचं आमच्या गावात काहीच काम नव्हतं.
पोस्टमनने एकदा पत्र तिथेच दिलं.
म्हणाला, पत्ता बरोबर आहे.

मग नगरपालिकेने उशीया नावाची इंजिनिअर आणली.
पायात रबरी बूट, कायमची सर्दी.
तिने आधी काही बांधलं नाही.
बेकरीतून किडकं पीठ मागून घेतलं
आणि ऑगस्टातल्या एका कोरड्या रात्री
चौकभर चाळणीने पसरलं.
दुसरी चाळणी माझ्या हातात.
बायको म्हणाली, एवढंच करायचं राहिलं होतं.

सकाळी अकराला तिने मला घड्याळाच्या मनोऱ्यावर नेलं.
खाली बघा.
चाकं गेली होती तिथं काळं डांबर उघडं पडलेलं,
बैलगाडीच्या चाकोरीएवढ्या चार वाटा.
बाकी सगळं पांढरं.
कोपरे, बगला, चर्चपुढचा अख्खा त्रिकोण.
एवढी जागा आम्ही कुणासाठी राखली होती
जे कधी आलेच नाहीत?
कबुतरं मात्र आली होती, पोटभर.
"पांढरं ते माणसांचं," उशीया म्हणाली
आणि शिंकली.

चपलांच्या दुकानाचा ब्राइस दारात उभा राहून ओरडायचा,
गाडी थांबल्याशिवाय बूट खपत नाही!
त्याच्या दारात दिवसभर थांबलेली गाडी
त्याचीच असायची.
आता नसते.
पूर्वी आठवड्याला बारा जोड जायचे,
आताही बाराच जातात.
तो हे सांगतो तेव्हा
जिंकल्यासारखा सांगतो.

ट्रक नदीकडच्या रस्त्याने वळवले.
तिथे माझा मेहुणा शुर्शो राहतो.
त्याच्या कपाटातले पेले आता रात्री एकमेकांशी बोलतात.
तोही सभेत उभा राहिला, आवाज न चढवता.
उशीयाने वहीत लिहून घेतलंय.
वही अजून भरायची आहे.

मला काम दिलं पट्टे खरवडायचं.
माझे झेब्रे, माझेच हात, भाड्याचं यंत्र.
तीन दिवसांत गेले. तरी फरशी बसेपर्यंत
दव पडलं की पुन्हा दिसायचे,
खोडलेल्या उधारीसारखे.

चौक आता सपाट आहे. एका दमात ओलांडता येतो.
मुलं ओलांडतात, कुत्री ओलांडतात,
सायकलवाले तिरके जातात, शिव्या खातात.
फक्त दोसिंदाबाई
बरोबर मध्यावर थांबतात,
पिशवी दोन पायांत धरतात,
नसलेल्या ट्रकला आधी जाऊ देतात.
नकाशात बाक आहे, पण कॅमेलियाखाली,
नऊ मीटर लांब.
दम तिथे लागत नाही.

डब्यात तळाशी थोडा पांढरा उरला होता.
काल रात्री जाऊन फरशीवर एक चौकट काढली,
टेबलाएवढी. कुणाला विचारलं नाही.

सकाळी उशीया टेप घेऊन आली, मोजली,
वहीत काहीतरी लिहिलं,
माझ्या नखांकडे बघितलं, गेली.

मग दोसिंदाबाई आल्या.
काठाशी थबकल्या, बुटाचं टोक लावून बघितलं.
"वाळलाय का रे?"
वाळला होता.
त्या आत जाऊन उभ्या राहिल्या.
डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं.
आणि कसलीच घाई नव्हती म्हणून
पुन्हा एकदा डावीकडे.